वस्तींतील सुतार पक्षी आणि परसांतील झाडें

परसांतील आंब्यावर किंवा रस्त्याच्या कडेच्या वडावर सकाळीं ‘टक् टक्’ असा आवाज ऐकूं येऊं लागला, म्हणजे घरच्या मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, हा पक्षी झाड पोंखरून टाकणार, यास गोफणीनें हाकला. दुसरा म्हणतो, ज्याअर्थीं सुतार पक्षी आला त्याअर्थीं झाड आंतून किडलेलेंच आहे. पावसाळ्यापूर्वीं तें पाडून लांकूड तरी पदरांत घ्यावें. आमचें म्हणणें असें कीं, हे दोन्ही निकाल पुरावा न पाहतां दिलेले असतात. पहिल्यानें पक्ष्यावर अन्याय होतो. दुसऱ्यानें पन्नास-पाऊणशें वर्षें वाढलेलें व अद्याप फळ देणारें झाड एका दुपारीं आडवें होतें. सुतार पक्षी झाडावर नेमका कोठें बसतो, कसा ठोकतो आणि काय उचलतो, हें आठ दिवस लक्षपूर्वक पाहिलें तर झाडाच्या प्रकृतीविषयीं पुष्कळ माहिती विनामूल्य मिळते. ती कशी मिळवावी हें सांगण्याचा येथें विचार आहे.

सुतार पक्षी हा रानांतला पाहुणा, वस्तींत तो चुकून येतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाहीं. आपल्याकडील सोनेरी सुतार हा गांवठाणांत, बागांत, शाळेच्या आवारांत, इतकेंच नव्हे तर शहरांतील जुन्या झाडांच्या रस्त्यांवरही बारमाही राहतो. अलीकडे तालुक्याच्या गांवांभोंवतीं शेतजमिनी बिनशेती होऊन त्यांवर घरें उठलीं आहेत. पण अशा ठिकाणीं बांधावरचा एखादा रायवळ आंबा, चिंच, नाहीं तर उंबर कोणाच्या तरी अंगणांत शिल्लक राहतो. माणसें नवीं आलीं तरी त्या झाडावरचें पक्ष्याचें बिऱ्हाड जुनेंच असतें. म्हणून सुतार पक्षी पाहण्याकरितां रानांत जाण्याचें कारण नाहीं. ओटीवर बसून तो दिसतो.

प्रथम ओळख नीट झाली पाहिजे. आपल्या इकडे पुष्कळ लोक हुदहुदास ‘सुतार’ म्हणतात. हुदहुद मातकट तांबूस रंगाचा. त्याच्या पंखांवर काळे-पांढरे पट्टे आणि डोक्यावर पंख्यासारखा उघडमीट करणारा तुरा असतो. तो जमिनीवर चालतो आणि लांब, बारीक, किंचित् वांकड्या चोंचीनें मातींतील अळ्या उकरून खातो. तोही शेतकऱ्याच्या उपयोगाचाच. परंतु खोड ठोकण्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. दुसरा घोटाळा तांबटाचा. हा चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर व छातीवर तांबडा डाग असलेला पक्षी उन्हाळ्यांत झाडाच्या शेंड्यावर बसून ‘टुक् टुक्’ असा एकसुरी आवाज काढीत असतो. तांबटानें भांडें ठोकावें तसा तो आवाज येतो खरा, पण तो त्याच्या गळ्याचा असतो, चोंचीचा नव्हे. तांबट वडाचीं व उंबराचीं फळें खाणारा आहे. घरट्यापुरतें मात्र तोही वाळक्या फांदींत वाटोळें भोंक पाडतो, आणि तें पाहून लोक सुताराच्या नांवानें बोटें मोडतात.

जगांत सुतार पक्ष्यांच्या सुमारें २४० जाती आहेत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व मादागास्कर येथें एकही नाहीं. भारतांत तिसांच्या वर जाती आढळतात, पण वस्तींत राहणाऱ्या वाचकानें मुख्यतः दोन ओळखल्या म्हणजे पुरे. पहिला सोनेरी सुतार. लांबी सुमारें ११ इंच. पाठ सोन्यासारखी पिवळी, कंबरेकडील भाग काळा, गळा काळा व त्यावर बारीक पांढरे ठिपके. नराच्या डोक्यावर सबंध लाल तुरा असतो. मादीच्या तुऱ्याचा मागील भाग लाल आणि कपाळाकडील भाग काळ्यावर पांढरे ठिपके असा असतो. उडतांना हा लाटेवरच्या होडीप्रमाणें वर-खालीं होत जातो व मोठ्यानें खिदळल्यासारखा ओरडतो. ही ओरड एकदां कानांत बसली, म्हणजे पक्षी दिसण्यापूर्वींच त्याची वर्दी मिळते.

दुसरा मराठा सुतार. हा लहान, सुमारें ७ इंचांचा. पाठीवर काळसर तपकिरी रंगांत पांढरे ठिपके, कपाळ पिवळसर, आणि पोटावर एक लाल डाग. नराच्या मानेवर लाल पट्टा असतो, मादीस तो नसतो. याच्या शास्त्रीय नांवांतच ‘महरत्तेन्सिस’ हा शब्द आहे; १८०१ सालीं जॉन लॅदम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें तें दिलें. आपल्या मुलखाचें नांव धारण करणारा पक्षी आपल्याच लोकांस ठाऊक नसावा, ही चमत्कारिक गोष्ट आहे. देशावरील बाभळी, आमराया व सडकेच्या दुतर्फांचीं झाडें हें त्याचें खरें घर. तो गडबड करीत नाहीं, म्हणून डोळ्यांत भरत नाहीं इतकेंच. यांशिवाय चिमणीएवढा एक छोटा सुतारही बारीक डहाळ्यांवर फिरतांना दिसतो. आणि कोंकणांत व सह्याद्रीच्या आसपास तांबूस सुतार आढळतो. झाडावर मुंग्यांनीं बांधलेल्या घरट्यांत आपलीं अंडीं घालण्याची या शेवटच्याची रीत आहे. तिच्यावर स्वतंत्र लेखच लिहिला पाहिजे.

या पक्ष्याचें सर्व शरीर एका कामाकरितां घडलेलें आहे. पायाचीं बोटें पुढें-मागें अशीं वळलेलीं असल्यामुळें सालीवर पकड बसते. शेपटीचीं पिसें ताठ असतात, तीं खोडाला टेंकून तो तिवईप्रमाणें स्थिर होतो. जीभ त्याहून विलक्षण. तिला आधार देणारीं बारीक हाडें जबड्याखालून निघून कवटीच्या मागून वळसा घेत डोक्यावरून थेट नाकपुड्यांपर्यंत पोंचतात. त्यामुळें जीभ चोंचीबाहेर दूरवर जाते, आणि तिच्या चिकट, कांटेरी टोंकानें फटींतली अळी बाहेर ओढली जाते. इतके आघात करूनही त्याच्या मेंदूस इजा कशी होत नाहीं, याविषयीं पूर्वीं असें सांगत कीं, कवटींतील पोकळ हाड उशीप्रमाणें धक्का शोषून घेतें. पुस्तकांतून अद्यापही तें छापलेलें आढळतें. परंतु बेल्जममधील अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनीं अतिशीघ्र छायाचित्रें घेऊन २०२२ सालीं दाखविलें कीं, कवटी उशीसारखी मऊ नसून हातोड्यासारखी ताठ काम करते. विचार केला तर तसेंच असलें पाहिजे. हातोड्याच्या तोंडाला गादी बांधून कोणता सुतार खिळा ठोकील? मेंदू अगदीं लहान असल्यामुळें तेवढा धक्का त्यास बाधत नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. सुतार पक्ष्याच्या ठोकण्याचे तीन निरनिराळे प्रकार आहेत, आणि ज्यास ते कानानें वेगळे करतां आले त्याची अर्धी परीक्षा झाली असें समजावें.

पहिला प्रकार भक्ष्य शोधण्याचा. यांत आवाज हलका व अनियमित असतो: दोन ठोके, थांबणें, मान तिरपी करणें, पुन्हां तीन ठोके, मग थोडें वर सरकणें. व्यापारी कलिंगड जसें बोटानें वाजवून पाहतो तसाच हा प्रकार होय. पोकळ जागा सांपडली म्हणजे तो तेथेंच ठाण मांडतो, सालीचे तुकडे उडवितो आणि जीभ आंत घालतो. दुसरा प्रकार घरटें खोदण्याचा. येथें ठोके जोरदार व एकसारखे असतात, जागा ठरलेली असते आणि काम कित्येक दिवस चालतें. झाडाखालीं लांकडाच्या ताज्या कपच्या पडलेल्या दिसतात. ही खूण कधींही चुकत नाहीं. तिसरा प्रकार नगारा वाजविण्याचा. एका सेकंदांत दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक ठोके एका दमांत मारले जातात आणि वेगवेगळे ठोके कानाला कळत नाहींत. घर्र असा एकच नाद उठतो. हें भक्ष्याकरितां नसतें. ‘ही हद्द माझी आहे’ असें इतर नरांस बजावावें व मादीस आपला ठावठिकाणा कळवावा, एवढाच त्याचा हेतु. म्हणून चांगली घुमणारी वाळकी फांदी तो त्याकरितां निवडतो. अमेरिकेंत कांहीं जातींचे सुतार पक्षी घरांच्या पत्र्याच्या पन्हळीवर हा नगारा वाजवून लोकांची झोंप मोडतात. पत्र्यांत किडे नसतात हें त्यांस आपल्याइतकेंच ठाऊक असतें.

या तिहींचा झाडाच्या प्रकृतीशीं संबंध अगदीं वेगवेगळा आहे. नगाऱ्यावरून एवढेंच कळतें कीं, झाडाला एक वाळकी फांदी आहे. घरट्यावरून कळतें कीं, तेवढ्या जागीं लांकूड मऊ पडलें आहे. भक्ष्याच्या ठोक्यांवरून मात्र किडीचा पत्ता लागण्याचा संभव असतो. ‘संभव’ म्हणण्याचें कारण असें कीं, सुतार पक्षी सालीवरून जाणारे मुंगळे व वाळवीही आवडीनें खातो. आंब्याच्या खोडावर वाळवीनें मातीचीं घरें चढविलेलीं असतात, तीं फोडतांना तो नेहमीं दिसतो. आणि ही वाळवी बहुधा मेलेली सालच खात असते. एकदोन दिवस आला व गेला, तर त्यावरून कांहींच ठरवूं नये. एकाच जागीं तो वारंवार परत येत असेल आणि साल उलगडून खोल टोंचीत असेल, तर तेथें शिडी लावून जरूर पाहावें.

काय पाहावयाचें? आंब्याचा मोठा शत्रु म्हणजे खोडकिडा, ज्यास कोंकणांत भिरूड म्हणतात. याचा भुंगा मोठा, करड्या रंगाचा, अंगावर पिवळट ठिपक्यांचा, आणि मिशा अंगाहून लांब असलेला असतो. मादी सालीला चीर पाडून तींत अंडें घालते. विशेषतः उन्हानें भाजलेलें, दुखावलेलें किंवा अशक्त झालेलें झाड ती पसंत करते. अळी आरंभीं सालीखालींच कुरतडीत राहते, पुढें लांकडांत शिरते व तेथें कित्येक महिने काढून तीन-साडेतीन इंचांपर्यंत वाढते. भोंकांतून भुसा व विष्ठा बाहेर पडणें, त्या जागेखालीं डिंकासारखा रस ओघळणें व त्याच फांदीचीं पानें पिवळीं पडून गळणें, या तिच्या खुणा होत. सुतार पक्ष्याचा उपयोग होतो तो अळी सालीखालीं आहे तोंपर्यंत. ती लांकडांत खोल गेली, म्हणजे त्याच्याही आटोक्याबाहेर जाते. तेव्हां पक्षी येतो म्हणून झाड बरें होईल, अशा भरंवशावर बसणारा बागाइतदार फसेल. तो फक्त बातमीदार आहे. उपचार आपल्यालाच केला पाहिजे. भोंक साफ करून तारेच्या आंकड्यानें अळी ओढून काढावी, किंवा पेट्रोलांत अथवा रॉकेलांत भिजविलेला कापसाचा बोळा आंत सारून तोंड ओल्या चिखलानें लिंपावें. फांदी फारच पोंखरली असल्यास ती निरोगी लांकडापर्यंत कापून काप बुरशीनाशक मलमानें झांकावा. कापलेल्या किडक्या फांद्या परसांत रचून ठेवूं नयेत. आंतील अळ्यांचे भुंगे होऊन त्याच झाडावर परततात.

आमच्या पाहण्यांतील एक उदाहरण येथें देण्यासारखें आहे. तालुक्याच्या एका गांवाबाहेर पूर्वीच्या शेतांत वसलेल्या नव्या वस्तींत एका घराच्या मागें जुना रायवळ आंबा होता. घरधनी वृद्ध; मुलाच्या मतें झाड किडलें असून तें वादळांत घरावर पडणार. पहांटेपासून त्यावर सुताराचा गजर चाले आणि घरांतील आजारी माणसाची झोंप मोडे, ही आणखी एक तक्रार. झाड पाडावयाचें ठरून करवतवाल्याशीं बोलणेंही झालें होतें. आम्हीं आठ सकाळी ओटीवर बसून पाहिलें. पहांटेचा गजर शेंड्यावरील एका वाळक्या काटकीवरून होत होता; तो शुद्ध नगारा होता, आणि कीड त्या काटकींत असणें शक्यच नव्हतें. उन्हें वर आल्यावर पक्षी खालीं उतरे व आठांपैकीं सहा दिवस तो दक्षिणेकडील एकाच थोर फांदीवर गेला. त्या फांदीची वरची साल उन्हानें तडकलेली होती आणि तिच्याखालीं जमिनीवर भुसा पडलेला होता. बुंध्यावर तो चढे, परंतु कोठें थांबत नसे. शिडी लावून फांदी तपासली तों तींत भिरुडाच्या पांच अळ्या मिळाल्या. बुंधा जागोजाग ठोकून पाहिला. तो भरीव वाजला. दक्षिणेकडील फांदी कापली, भोंकें भरलीं, बुंध्यास चुना लावला आणि झाड राहिलें. पुढील माघांत त्यास मोहोरही आला. मुलाचें मत शेवटपर्यंत बदललें नव्हतें. परंतु वृद्धांचा शब्द मोडण्याची अद्याप तेथें चाल नाहीं, हें झाडाचें नशीब.

पक्ष्याची बाजू मांडतांना त्याचें नुकसान लपवावें असा आमचा हेतु नाहीं. घरट्याकरितां तो पाडतो तें भोंक आडवें आंत जाऊन खालीं उतरतें. फांदी अगोदरच अशक्त असेल तर आषाढांतील वाऱ्यांत ती त्याच जागीं मोडते. अशी फांदी छपरावर, विजेच्या तारांवर किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेवर आलेली असेल, तर पिलें उडून गेल्यावर ती उतरविणेंच शहाणपणाचें. माडाची गोष्ट याहून निराळी आहे. आंबा, फणस, चिंच यांच्या खोडाला सालीखालीं वाढणारा थर असतो. त्यामुळें जखम कडेनें भरत येते. माडाला तसा थर नाहीं. त्याच्या खोडावर पडलेलें भोंक जन्माचें राहतें, आणि ताज्या जखमेच्या वासानें सोंड्या भुंगा अंडीं घालण्यास येतो. जखम पक्ष्याची असो, पाडेल्याच्या कोयत्याची असो कीं ट्रॅक्टरच्या धक्क्याची असो, ती लगेच भरली पाहिजे. खोडांतून तपकिरी रस व चघळलेला चोथा बाहेर येत असेल, किंवा कान लावला असतां आंत कुरकुर ऐकूं येत असेल, तर सोंड्या अगोदरच शिरला आहे असें समजून तत्काळ इलाज करावा. असें असलें तरी सुतार पक्षी घरट्याकरितां बहुधा शेंडा गेलेला मेलेला माडच पसंत करतो, हें कोंकणांतील वाचकांनीं पाहिलें असेलच.

यावरून मेलेल्या लांकडाचा प्रश्न निघतो. नीटनेटकेपणाच्या हौसेनें आपण वस्तींतील प्रत्येक वाळकी फांदी काढून टाकतों. यांत पक्ष्याचें घर व अन्न हीं दोन्ही एकदम जातात, कारण कठीण जिवंत लांकडांत तो सहसा घर करीत नाहीं. याचा परिणाम कोठवर जातो, याचें एक मोठें उदाहरण अमेरिकेंत घडलें. तेथील आग्नेय भागाच्या दलदलींतील जुन्या अरण्यांत हस्तिदंती चोंचीचा एक भव्य सुतार पक्षी राहत असे. नुकत्याच मेलेल्या मोठ्या वृक्षांच्या सालीखालील अळ्या हें त्याचें मुख्य अन्न. लांकडाच्या व्यापाराकरितां तीं अरण्यें तोडलीं गेलीं, आणि लुइझियाना संस्थानांत १९४४ सालीं जी मादी दिसली तिच्यानंतर या पक्ष्याचें निर्विवाद दर्शन कोणासही झालेलें नाहीं. आपला सोनेरी सुतार इतका नाजूक नाहीं. तो वाळवीवर, मुंगळ्यांवर, प्रसंगीं पिकल्या फळांवर व पांगाऱ्याच्या मधावरही भागवितो. परंतु भोंक पाडण्यास जागा त्यासही लागतेच.

शिवाय त्या भोंकांत पुढें जे बिऱ्हाड करतात, त्यांचा हिशेब निराळाच. सुतार पक्षी बहुधा नवें घर खोदतो आणि जुनें सोडून देतो. त्यांत साळुंकी, दयाळ, पोपट असे पक्षी येऊन राहतात, कारण साळुंकी व दयाळ यांच्या चोंचीस लांकूड खोदण्याचें सामर्थ्य नाहीं. पुढें भोंक कुजून मोठें झालें, म्हणजे तें पिंगळ्यासही उपयोगी पडतें. पोपट बागेस उपद्रव देतो हें खरें. पण साळुंकी नांगरामागून अळ्या वेंचते आणि पिंगळा रात्रीं किडे व उंदीर मारतो. हीं दोन कुटुंबें ज्याच्या बांधावर आहेत त्यानें पोपटाचा तोटा मनावर घेऊं नये. कित्येकदां साळुंक्या व पोपट सुताराचें ताजें घरही बळकावतात. चैत्र-वैशाखांत अंगणांतील झाडावर हें भांडण दिवस दिवस चालतें, आणि पाहणाऱ्याची करमणूक होते.

पाहण्याच्या पद्धतीविषयीं थोडें सांगतों. सूर्योदयानंतरचे दोन तास व तिसऱ्या प्रहरानंतरचा वेळ उत्तम. सोनेरी सुतारास माणसाची चाहूल लागली, म्हणजे तो उडून न जातां खोडाच्या पलीकडे सरकतो व डोकें काढून पाहतो. तुम्ही वळसा घातला कीं तोही वळसा घालतो. यास उपाय दोन: एक तर दोघांनीं झाडाच्या दोन बाजूंस बसावें, नाहीं तर एकट्यानें मुळींच न हलतां बसावें, म्हणजे दहा मिनिटांत तो आपोआप पुढील बाजूस येतो. जोडी असेल तर नर-मादींची नोंद वेगळी करावी. कोतवाल वगैरे निरनिराळ्या पक्ष्यांचा थवा झाडांतून जात असेल, तर त्यांत सुतार पक्षी आहे काय हें अवश्य पाहावें. तो अशा मेळ्यांत पुष्कळदां सामील होतो. वहींत तारीख, झाड, फांदी जिवंत कीं वाळकी, दिशा, ठोकण्याचा प्रकार व उचललेलें भक्ष्य एवढें लिहिलें म्हणजे पुरे. दुर्बीण असल्यास बरें, नसल्यास अडत नाहीं. अलीकडे कित्येक हौशी लोक मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्यास जवळ बोलावतात. ही रीत आम्हांस पसंत नाहीं. विणीच्या दिवसांत नर खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागें लागतो, आणि अंडीं किंवा पिलें तितका वेळ उघडीं पडतात.

सोनेरी सुताराची वीण साधारणपणें फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत असते. भोंकांत गवत-पिसें कांहीं न घालतां मादी उघड्या लांकडावरच बहुधा तीन पांढरीं चकचकीत अंडीं घालते. सुमारें ११ दिवसांत तीं फुटतात आणि पिलें आणखी सुमारें वीस दिवसांनीं बाहेर पडतात. म्हणजे अंडीं दिल्यापासून एक महिना झाडाला हात न लावला तर काम भागतें. मराठा सुतार याच सुमारास, पुष्कळदां तिरप्या वाळक्या फांदीच्या खालच्या अंगास, बारीक वाटोळें भोंक पाडतो. तेथें पावसाचें पाणी शिरत नाहीं आणि खालून मान वर केल्याशिवाय भोंक दिसतही नाहीं. त्यामुळें छाटणीच्या वेळीं अशा फांद्या चुकून कापल्या जातात. करवत लावण्यापूर्वीं खालच्या बाजूनें एकदां पाहून घ्यावें.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सुतार पक्ष्यांस संरक्षण दिलें आहे. त्यांस मारणें किंवा त्यांचीं अंडीं काढणें हा गुन्हा होय. झाडाच्या बाबतींत, शहरी हद्दींत १९७५ च्या कायद्याप्रमाणें वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. इतरत्र १९६४ च्या कायद्याच्या यादींत आंबा, फणस, चिंच, जांभूळ हीं आपल्या नेहमींच्या पाहण्यांतलीं झाडें आहेत, त्यांकरितांही परवानगी घ्यावी लागते. झाड खरोखरच मेलें व परवानगी मिळाली, तरी तें घरापासून दूर असेल तर जमिनीसपाट कापण्याची गरज नसते. फांद्या उतरवून दहा-बारा फुटांचा बुंधा तसाच उभा ठेवावा. अशा बुंध्यास वारा धरत नाहीं, त्यामुळें तो लवकर पडत नाहीं. मात्र त्यांत भिरूड किंवा सोंड्या जिवंत असल्याची खूण असेल, तर तो बागेच्या आसपास मुळींच ठेवूं नये, जाळून टाकावा. निर्दोष बुंधा असेल तर पहिल्या पावसाळ्यानंतर त्याची साल सुटूं लागते, वाळवी चढते, आणि पुढील माघ-फाल्गुनांत त्याच्या पायथ्याशीं ताज्या कपच्या पडल्या आहेत काय, हें पाहण्यास हरकत नाहीं.